फ्युनिक्युलर म्हणजे दोराची गाडी

मैत्रिणींनो, ‘फ्युनिक्युलर’ हा शब्द कधी मोठ्याने म्हणून बघितलाय? जीभ अडखळतेच! फ्यु-निक्-यु-लर. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ साली ही गाडी सुरू झाली आणि हा शब्द आपल्याकडे आला. पण बायका कुठल्या तो उच्चारताहेत? कुणी ‘ट्रॉली’ म्हणतं, कुणी ‘रोपवे’, आमच्या शेजारच्या आजी तर सरळ ‘देवीची लिफ्ट’ म्हणतात. नावात काय आहे, असं मलाही वाटायचं. पण कधी कधी नावातच सगळं असतं.

झालं असं, की २०२२ च्या रामनवमीला झारखंडमध्ये देवघरजवळच्या त्रिकूट पर्वतावर रोपवेचा अपघात झाला. माणसं रात्रभर पाळण्यात अधांतरी अडकून पडली, तिघांचा जीव गेला. टीव्हीवर दिवसभर तीच दृश्यं. आमच्या बचत गटाच्या बायका त्याच आठवड्यात चैत्रोत्सवाला गडावर निघाल्या होत्या. त्यातल्या गुडघे दुखणाऱ्या चौघींनी जाहीर करून टाकलं, “ताई, आम्ही काही त्या रोपवेत बसायच्या नाही. खालूनच हात जोडू.” पाचशेच्या आसपास पायऱ्या त्यांना चढवणार नव्हत्या, म्हणजे दर्शनच हुकणार! एका शब्दाच्या घोळापायी.

रोपवे म्हणजे तारेवर लटकत जाणारा पाळणा. आपल्या रायगडावर आहे तो. फ्युनिक्युलर मात्र लटकत नाही. ती रुळांवर चालते, उतारावर बसवलेल्या डब्यासारखी. डब्याची जमीनही जिन्यासारखी पायरीपायरीची करतात, म्हणजे चढ कितीही असो, आपण सरळच उभ्या राहतो. दोन डबे एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेले असतात आणि दोर वरच्या चाकावरून गेलेला असतो. माहेरच्या विहिरीवर दोन बादल्यांचा रहाट पाहिलाय ना? एक भरून वर येते तेव्हा दुसरी खाली जाते, अगदी तस्सं. खाली येणारा डबा आपल्या वजनाने वरच्याला ओढायला मदत करतो, मोटारीला फक्त उरलेला भार उचलावा लागतो. पूर्वी युरोपात काही ठिकाणी मोटारच नसायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, तो जड झाला की खालचा आपोआप वर! खाली पोचल्यावर पाणी सोडून द्यायचं. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे, कौतुक वाटतं.

आता शब्दाकडे. लॅटिन भाषेत ‘फ्युनिस’ म्हणजे दोर आणि ‘फ्युनिक्युलस’ म्हणजे बारीक दोरी. गंमत म्हणजे वैद्यकशास्त्रात बाळाच्या नाळेलाही ‘फ्युनिस’ म्हणतात. हे वाचलं आणि मला तो शब्द एकदम आपला वाटायला लागला. तेव्हा डोंगर चढणारी प्रत्येक गाडी फ्युनिक्युलर नव्हे. माथेरानची राणी स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर चढते, उटीच्या गाडीला दातेरी रूळ आहे, त्यांना दोर नाही. इटलीत व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर १८८० साली अशी गाडी झाली, तर लोकांनी तिच्यावर ‘फुनिकुली फुनिकुला’ असं गाणंच रचलं! वणीची गाडी देशातली पहिली असं आपल्याकडे छापून आलं होतं खरं, पण तमिळनाडूत पळणीच्या मुरुगन मंदिरात १९६६ पासून रुळावरची दोराची गाडी चालते. तिथे तिला ‘विंच’ म्हणतात आणि लटकत्या पाळण्याला ‘रोपकार’. दोन गोष्टी, दोन नावं. आपल्याकडे मात्र सगळं ‘ट्रॉली’त कोंबलंय.

एवढं समजावल्यावर चौघींपैकी तिघी बसल्या. पण रुळावर आहे म्हणजे बिनधोक, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. ३ सप्टेंबर २०२५ ला पोर्तुगालमध्ये लिस्बन शहरातली ग्लोरिया नावाची अशीच जुनी गाडी उतारावरून सुसाट सुटली आणि सोळा माणसं गेली. १८८५ पासूनची ती गाडी. दोन डब्यांना जोडणारा दोर, डब्याला जिथे बांधतात तिथेच सुटला. चौकशीत आढळलं, की तो दोर माणसं वाहून नेण्यासाठी प्रमाणितच नव्हता. आणि ब्रेक? दुसऱ्या डब्याचं वजन सुटल्यावर एकट्या डब्याला धरून ठेवायची ताकद त्या ब्रेकांत नव्हती. म्हणजे नावातच जो दोर आहे, त्याकडेच पुरेसं लक्ष गेलं नाही.

म्हणून मला वाटतं, अशा गाडीत बसताना भ्यायचं काही कारण नाही, पण विचारायला काय हरकत आहे? साडी घेताना आपण दहा वेळा रंग जाईल का विचारतो, प्रेशर कुकरची रिंग सैल झाली की लगेच बदलतो. इथे तर जिवाचा प्रश्न. दोराची तपासणी कधी झाली, दोर तुटला तर डबा आपोआप अडकवणारा वेगळा ब्रेक आहे का, हे दोनच प्रश्न.

लिस्बनची बातमी मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवली, तेव्हा वाटलं, झालं, आता पुन्हा सगळ्या घाबरणार. तर मागे न बसलेली ती चौथी, साठीची मावशी, शांतपणे म्हणाली, “विहिरीचा दोर आम्ही झिजायच्या आधीच बदलायचो. यांचा किती दिवसांनी बदलतात, ते विचार बाई आधी. मग बसते मी.”