सुडीवरचा पाऊस

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन या गावाची ख्याती अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या देवालयामुळे देशभर पसरलेली आहे. परंतु त्या देवालयाविषयी जी कथा सांगतात ती मुळात पाण्याची कथा आहे, ही गोष्ट दर्शनास येणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात राहते. एलिचपूरच्या ऐल राजाला कुष्ठ जडले होते. रानात हिंडताना तहानेने व्याकुळ होऊन तो एका लहानशा डबक्यापाशी थांबला, त्या पाण्याने त्याने हातपाय धुतले आणि त्याची काया निरोगी झाली. पुढे त्याच पाण्यातून मूर्ती निघाली; ती गाड्यातून नेताना मागे वळून पाहू नये अशी आज्ञा असताही राजाने शंकेपोटी मागे पाहिले, आणि मूर्ती शिरपुरी अधांतरी राहिली. यात इतिहास किती आणि श्रद्धा किती, याची चिकित्सा येथे करावयाची नाही. मला त्यातले ते डबके महत्त्वाचे वाटते. अजिंठ्याच्या रांगेतील हे पठार म्हणजे पाणलोटाचा माथा. येथले काही पाणी काटेपूर्णेवाटे पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते, तर काही पैनगंगेच्या वाटेने गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. माथ्यावरच्या मुलखाला बाहेरून पाणी आणून देणारे फारसे कोणी नसते. आभाळातून पडेल आणि जागीच थांबेल तेवढीच त्याची दौलत.

या दौलतीचा हिशेब गेल्या काही वर्षांत बिघडला आहे. तो कसा बिघडला हे पाहावयाचे असेल तर आश्विनात शिरपूरच्या शिवारात जावे. गेल्या तीन-चार दशकांत ज्वारी आणि कापूस यांना मागे सारून सोयाबीनने हा बहुतेक जिल्हा व्यापला; मृगात पेरावे आणि शंभर दिवसांच्या आसपास कापून मोकळे व्हावे, दसरा-दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा यावा, असा त्याचा सरळ व्यवहार. कापलेले सोयाबीन शेतात एका ठिकाणी रचून त्याची सुडी लावतात आणि मळणीयंत्र मिळेपर्यंत ती ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. नेमक्या याच वेळी, हस्त-चित्रा नक्षत्रांचे शिंतोडे येऊन जावयाचे त्या दिवसांत, हल्ली रात्रभर मुसळधार पाऊस कोसळतो. दोन दिवसांनी ताडपत्री उचलून सुडीत हात घातला तर आतून ऊन वाफ लागते. शेंग चिमटीत धरून उकलली तर पिवळ्या दाण्याच्या टोकाला पांढरा कोंब फुटलेला दिसतो. जो दाणा वाचतो तोही काळवंडतो; बाजार समितीत ओलावा मोजण्याचे यंत्र १२ टक्क्यांच्या वर गेले की भाव खाली येतो. वर्षभराची उसनवारी, बियाण्याची उधारी आणि मुलीच्या शिक्षणाची फी, सारे त्या एका सुडीत असते.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळे लागोपाठ उठली आणि महाराष्ट्रभर काढणीला आलेल्या पिकांचा चिखल झाला. २०२३ चा ऑगस्ट मात्र उलट्या टोकाचा निघाला; १९०१ पासूनच्या नोंदींत देशाला इतका कोरडा ऑगस्ट लाभलेला नव्हता, आणि शेंगा भरण्याच्या ऐन वेळी सोयाबीन माना टाकून उभे राहिले. अतिवृष्टी आणि अवर्षण ही दोन परस्परविरुद्ध संकटे एकाच शिवारावर आळीपाळीने, कधी तर एकाच हंगामात येतात, याचे कारण समजण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. म्हणून ती पाऊस अधिक काळ अडवून धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आहेत. वर्षाच्या एकूण पावसाचा आकडा पाहून ‘सरासरी गाठली’ असे समाधान मानण्याची आपल्या कचेऱ्यांची रीत म्हणूनच आता निरुपयोगी ठरली आहे.

हवा तापवली कोणी, हा प्रश्न वाशीम ज्यात येतो त्या वऱ्हाडात विचारण्यास विशेष अर्थ आहे. १८५३ साली निजामाकडून हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद पडला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली, आणि १८७० साली कापसासाठी खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा आला. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस त्या गिरण्यांत गेला, गिरण्या कोळशावर चालल्या, आणि त्या कोळशातून निघालेल्या कर्बवायूचा मोठा अंश आजही वातावरणात तसाच आहे. कारण हा वायू शतकानुशतके टिकतो. उद्योगयुगापूर्वी हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे सुमारे २८० भाग होते, आज ते ४२० च्या वर आहेत. नफा तिकडे जमा झाला. धूर मात्र सर्वांच्या डोक्यावर समान वाटला गेला. आजही अमेरिकेत माणशी वर्षाकाठी सुमारे १४ टन कर्बवायू सोडला जातो, भारतात सुमारे दोन टन, आणि बैलजोडीवर कोरडवाहू शेती करणाऱ्या वाशीमच्या कुटुंबाचा वाटा त्याहूनही कितीतरी कमी असणार.

हा असमान हिशेब जगाच्या व्यासपीठावरही मांडला गेला. १९७२ साली स्टॉकहोम येथील पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी दारिद्र्य आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करा असे जगाला सांगितले. त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत होता आणि पुढे वि. स. पागे यांच्या रोजगार हमीने लाखो हातांना बांधबंदिस्तीची कामे दिली. १९८७ च्या ब्रुंटलंड अहवालाने शाश्वत विकास हा शब्द रूढ केला, १९९२ साली रिओमध्ये ‘जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे’ हे तत्त्व मान्य झाले. २००९ साली श्रीमंत राष्ट्रांनी गरीब राष्ट्रांना हवामानबदलाशी झुंजण्यासाठी २०२० पर्यंत वर्षाला शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. ते दोन वर्षे उशिरा पुरे झाले, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता.

कर्ज या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. २०१८ पासून महाराष्ट्रात जो नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प राबवला गेला, ज्याला गावोगाव ‘पोकरा’ म्हणतात आणि ज्यात वाशीम जिल्हा पहिल्यापासून आहे, तो सुमारे चार हजार कोटी रुपयांचा. त्यातला ७० टक्के वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा. प्रकल्प चांगला होता असेच माझे मत आहे: त्याने शेततळी, ठिबक आणि गावाचा पाण्याचा ताळेबंद या गोष्टी शिवारापर्यंत आणल्या. परंतु ज्यांनी हवा बिघडवली नाही त्यांनी ती सोसण्याची सोय व्याजाने पैसे काढून करावी, हा न्याय नव्हे.

न्यायाची वाट पाहत शेतकरी बसू शकत नाही, म्हणून शिवारात काय चालते तेही पाहू. रुंद वरंबा सरीची पेरणी हा त्यातला सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी बदल. या पेरणीच्या ‘बीबीएफ’ यंत्राने रुंद, उंच वाफा पडतो, त्यावर सोयाबीनच्या ओळी येतात आणि दोन्ही अंगांना सरी राहते. पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जाते आणि शेत चिबडत नाही, खंड पडला तर सरीत मुरलेली ओल मुळांना आठ-दहा दिवस तगवते. बियाणेही कमी लागते. एकाच औताने दोन्ही संकटांवर उतारा मिळण्याचे असे उदाहरण विरळाच. मालेगाव-रिसोड पट्ट्यात ज्यांना विहिरीचे पाणी आहे ते हळदीकडे वळले. आठ-नऊ महिन्यांचे हे पीक पैसा देते, पण उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत भूजल ओढते, आणि एकाची हळद शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ गाठू शकते, हे उघडपणे बोलले गेले पाहिजे. तळ्या-नाल्यांचा गाळ काढण्याचे काम त्याहून निर्धोक: २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, आणि शेजारच्या बुलढाण्यात भारतीय जैन संघटनेने २०१८ पासून हेच काम यंत्रे लावून मोठ्या प्रमाणावर केले.

राहता राहिली ती सुडी. शेताचे पाणी आवरता येते. कापून ठेवलेल्या पिकावरचा पाऊस आवरता येत नाही, तेथे सरकारदरबारची हमीच कामास येते. पीक विमा योजनेत पूर्वी काढणीनंतर १४ दिवसांपर्यंत शेतात पडून असलेल्या पिकाला संरक्षण घेता येत होते. ७२ तासांत पूर्वसूचना द्यावी, मग पंचनामा व्हावा, अशी ती तरतूद. अंमलबजावणीत तक्रारी पुष्कळ होत्या, तरी तरतूद होती. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्राने ती काढून टाकली आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगावर ठेवली. हा प्रयोग उभ्या पिकाचे उत्पन्न मोजतो. कापल्यानंतर कुजलेल्या सुडीची नोंद त्याच्या कागदात कोठेच येत नाही. दुष्काळ ठरवण्याचा पैसेवारीचा ५० पैशांचा जुना मापदंडही साऱ्या गावाचा एकत्र हिशेब करतो, एकट्या कुणब्याच्या सुडीला त्यात जागा नाही. हवामान जेथे सर्वाधिक बदलले नेमके तेथूनच विम्याचे छत्र काढून घेतले गेले, हे धोरण चुकले आहे.

१ मे रोजी गावोगाव ग्रामसभा भरते. शिरपूरच्या, मालेगावच्या आणि साऱ्या सोयाबीनपट्ट्यातील वाचकांना माझी विनंती आहे की त्या सभेच्या इतिवृत्तात दोन ठराव लिहून घ्यावेत: मृगापूर्वी तळ्याचा गाळ उचलावा, आणि काढणीनंतरच्या नुकसानीचे विमा संरक्षण पुन्हा सुरू करावे. ठरावाची नक्कल तहसील कचेरीत द्यावी आणि पोच घेऊन यावी.