चित्रकाराचे चरित्र आणि चित्रपटाचे सत्य : ‘रंगरसिया’चा आस्वाद

प्रास्ताविक

चित्रकाराच्या जीवनावरील चित्रपट वर्गात दाखविला की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : “हे सगळे खरेच असे घडले होते का?” प्रश्न साधा असला तरी त्याचे उत्तर देताना साहित्य, इतिहास, कायदा आणि तंत्रविद्या या चारही विषयांच्या अध्यापकांना एकत्र यावे लागते. केतन मेहता दिग्दर्शित ‘रंगरसिया’ या हिंदी चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

या चित्रप्रकाराचा मानदंड

कलावंताच्या चरित्रपटांचा विचार करताना व्हिन्सेंट मिनेली यांच्या ‘लस्ट फॉर लाइफ’ (१९५६) या चित्रपटाची आठवण अपरिहार्य ठरते. आयर्व्हिंग स्टोन यांच्या १९३४ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. माधुरी पुरंदरे यांच्या अनुवादामुळे ही कादंबरी मराठी वाचकांच्याही परिचयाची आहे. कर्क डग्लस यांनी साकारलेला व्हॅन गॉग आणि अँथनी क्विन यांचा गोगॅं आजही पाहण्यासारखा आहे. गोगॅंच्या भूमिकेसाठी क्विन यांना सहायक अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. या चित्रपटाचे बळ भावाला लिहिलेल्या पत्रांत आणि पडद्यावर येणाऱ्या मूळ चित्रांत आहे. त्याची उणीवही बोलकी आहे. कावळ्यांनी भरलेले गव्हाचे शेत रंगवीत असतानाच व्हिन्सेंट स्वतःवर गोळी झाडतो, असा समज चित्रपटाने रूढ केला. प्रत्यक्षात झाडांच्या मुळांचे चित्र हे त्याचे अखेरचे काम असावे, असे आजचे अभ्यासक मानतात. परिणामकारक दृश्य आणि प्रमाणित तथ्य यांत अंतर असू शकते, हा धडा येथेच मिळतो.

कादंबरीतून पडद्यावर

‘रंगरसिया’चा आधारही कादंबरीच आहे. रणजित देसाई यांची ‘राजा रविवर्मा’ ही ती कादंबरी. ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’च्या लेखकाने येथे राजपुरुषाऐवजी कलावंत निवडला. म्हणजे रविवर्मा (१८४८–१९०६) प्रेक्षकांपर्यंत पोहोचतात ते दोन गाळण्यांतून : आधी कादंबरीकाराच्या, मग दिग्दर्शकाच्या. रणदीप हुडा यांचा रविवर्मा आणि नंदना सेन यांची सुगंधा यांच्यातील नाते चित्रपटाच्या केंद्रस्थानी आहे. देवीचे रूप रंगविताना समोर मानवी स्त्री बसलेली असते. समाज त्या चित्राची पूजा करतो आणि त्या स्त्रीला मात्र नाकारतो. चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारा विचार हाच होय. रविवर्म्यांइतकीच सुगंधाचीही ही शोकांतिका आहे, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष अवश्य वेधावे.

अश्लीलतेच्या आरोपाचा खटला हा कथानकाचा कणा आहे. तो इतिहास म्हणून न स्वीकारता नाट्यरचना म्हणून पाहावा. रविवर्म्यांचे बंधू सी. राजराज वर्मा हे स्वतः चित्रकार होते आणि त्यांची दैनंदिनी उपलब्ध आहे. चित्रपटातील प्रसंग आणि दैनंदिनीतील नोंदी शेजारी ठेवून वाचण्याचा स्वाध्याय पदवीच्या वर्गाला सहज देता येईल. मात्र खटल्याचा रोख भूतकाळाइतकाच वर्तमानावर आहे. मकबूल फिदा हुसेन यांच्यावरील खटले दिल्ली उच्च न्यायालयाने मे २००८ मध्ये रद्दबातल केले. त्याच वर्षी हा चित्रपट लंडनच्या महोत्सवात दाखविला गेला. भारतातील चित्रपटगृहांत मात्र तो २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये आला. चित्रावरील आक्षेपांची कथा सांगणाऱ्या चित्रपटालाच सहा वर्षे थांबावे लागले, हे नोंदविण्याजोगे आहे.

छापखाना : आपल्या परिसरातील दुवा

पिंपरी-चिंचवड परिसरातील अध्यापकांसाठी या कथेचा एक भाग अगदी जवळचा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी रविवर्म्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली. अशी चित्रे राजवाड्यांतच राहू नयेत, म्हणून त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला, आणि अखेर तो फ्रित्स श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. पुणे–लोणावळा लोकलने चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव ओलांडून आपण ज्या मळवलीला उतरतो, तेच हे मळवली.

रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड तयार करावा लागे आणि सर्व ठसे एकमेकांवर अचूक बसावे लागत. मोजमापातील या काटेकोरपणाचे महत्त्व भोसरी-चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होताना मागे लावलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींत आजही रविवर्म्यांच्या रेषांचा वारसा दिसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट सामाजिक आहे. ज्यांना देवळाचा उंबरठा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांच्या भिंतीवर या छापील चित्रांमुळे देव आला. त्यामुळे पावित्र्यभंगाची ओरड नेमकी कशाविषयी होती, देहाच्या दर्शनाविषयी की देवाच्या सार्वत्रिक होण्याविषयी, हा प्रश्न चित्रपट पाहताना विचारावा लागतो.

दादासाहेब फाळके यांनीही रविवर्मा छापखान्यासाठी काम केले होते. स्थिर चित्रातील पुराणकथा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) मध्ये चालती झाली. त्या अर्थाने ‘रंगरसिया’ हा चित्रपटमाध्यमाने आपल्याच एका पूर्वजाचा घेतलेला शोध ठरतो.

समारोप

‘रंगरसिया’ निर्दोष नाही. त्यातील कलावंत पुष्कळदा रंगविण्यापेक्षा प्रेम करतानाच अधिक दिसतो. कुंचल्याची साधना, कमिशनची कामे, भावाचे सहकार्य, छापखान्याचा हिशेब यांना त्यामानाने कमी अवकाश मिळतो. तरीही चित्रपट, कादंबरी, दैनंदिनी आणि मूळ चित्रे अशा चार साधनांची तुलना करण्याची संधी तो देतो. “हे खरेच असे घडले होते का?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देऊन थांबण्यापेक्षा ‘हे असे का सांगावेसे वाटले?’ हा पुढचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती देणे, हेच चित्रपट-आस्वादाच्या अध्यापनाचे प्रयोजन होय.