पुसून पुन्हा लिहायची तबकडी

संगणकात ठणठणीत वाजणारी सीडी-आरडब्ल्यू घरच्या म्युझिक सिस्टीममध्ये घातली की छोट्या पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटायचं. गेल्या शतकाच्या शेवटी ज्यांनी हौसेनं सीडी रायटर घेतला, त्यांतल्या कित्येकांनी हे पाहिलं आणि दोष तबकडीला दिला. दुकानदार बदलून द्यायचा, आणि दुसरीचंही तेच व्हायचं. तबकडी चांगलीच असायची. समोरच्या यंत्राला ती दिसतच नसे. या तबकडीला तिच्या हयातीत ‘बेभरवशाची’ हे विशेषण फार चिकटलं, आणि माझ्या मते ते तिच्यावर अन्यायाचं आहे.

कारखान्यात छापलेल्या सीडीवर अतिसूक्ष्म खाचांची सर्पिल रेघ असते आणि तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर. प्लेअरमधला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर त्या थरावर पडतो आणि त्यातला निदान ७० टक्के प्रकाश परत येतो, असं प्रमाणकात लिहिलेलं आहे. १९८२ पासून निघालेले प्लेअर याच गृहीतावर बांधले गेले. एकदाच लिहिता येणारी सीडी-आर आली तेव्हा तिच्या रंगद्रव्यामागे सोन्याचा किंवा चांदीचा थर देऊन हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास राखलं गेलं, म्हणून जुन्या यंत्रांनी तिला बहुधा बिनतक्रार स्वीकारलं. १९९७ मध्ये बाजारात आलेली सीडी-आरडब्ल्यू मात्र परत देत होती अवघा १५ ते २५ टक्के प्रकाश. जुन्या प्लेअरचा प्रकाशग्राहक एवढ्या अंधुक उजेडाला तबकडी मानायलाच तयार नव्हता.

ही कसर कारागिरीची नव्हती, पदार्थाच्या स्वभावातच होती. सीडी-आरडब्ल्यूमध्ये चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू वापरतात. लेझरच्या जोरदार झोताने त्यातला ठिपका सुमारे ६०० अंश सेल्सिअसला वितळतो आणि क्षणात थंड होतो. अणूंना ओळीत बसायला वेळच मिळत नाही, ते अस्ताव्यस्त गोठतात आणि तो ठिपका काळपट होतो. पुसायचं असेल तेव्हा झोत सौम्य करून तोच ठिपका २०० अंशांच्या आसपास तापवला की अणू पुन्हा स्फटिकाच्या शिस्तीत येतात आणि जागा उजळते. असं सुमारे हजार वेळा करता येतं. आता, जो थर लेझरची उष्णता पोटात घेऊन वितळायला हवा, तो आरशासारखा सगळा प्रकाश परत कसा देणार? पुसता येण्याची किंमत त्या तबकडीने आपल्या चकाकीने मोजली.

या पदार्थांची वाट स्टॅनफर्ड ओव्हशिन्स्की या अमेरिकी संशोधकाने दाखवली. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या माणसाने १९६८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये अस्फटिकी पदार्थांच्या उलटसुलट होणाऱ्या अवस्थाबदलावर शोधनिबंध लिहिला. पुढे जपानमध्ये मात्सुशिता कंपनीतल्या नोबोरू यामादा यांच्या गटाने १९८० च्या दशकात जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांची झटपट स्फटिक होणारी मिश्रणं शोधली. घरातल्या टेबलावरची तबकडी त्या प्रयोगशाळांतून निघालेली आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

अडचण कळल्यावर उद्योगाने उत्तरही शोधलं. ऑप्टिकल स्टोरेज टेक्नॉलॉजी असोसिएशन या संघटनेने १९९७ मध्ये ‘मल्टीरीड’ नावाचं प्रमाणक काढलं. परतलेला प्रकाश कमी असेल तर संकेत आपोआप वाढवून घेणारं मंडल ड्राइव्हमध्ये असलं पाहिजे, हा त्याचा गाभा. संगणकाचे ड्राइव्ह लवकर सुधारले, गाण्यांचे प्लेअर मागे राहिले. गंमत अशी की सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरांनी नेमका उलटा न्याय केला. त्यांचा लेझर ६५० नॅनोमीटरचा, आणि सीडी-आरचं रंगद्रव्य त्या तरंगलांबीला प्रकाश धड परतवत नाही. त्यामुळे ज्या यंत्रावर सीडी-आर दिसेना, तिथे सीडी-आरडब्ल्यू चालून जायची. कुठल्या यंत्रात कोणता लेझर आहे हे माहीत नसलेल्या माणसाला हा सगळा प्रकार लहरीपणाचा वाटला तर नवल नाही.

वेगाचंही एक लचांड होतं. पहिल्या तबकड्या एकपट ते चौपट वेगाने लिहिल्या जात. मग ‘हाय स्पीड’ आल्या, पुढे ‘अल्ट्रा स्पीड’. जुना चौपट वेगाचा रायटर नव्या तबकडीवर लिहू शकत नसे, वाचू मात्र शकत असे. हा फरक वेष्टनावरच्या छोट्या चिन्हात लिहिलेला असे, आणि ते कोण वाचतो?

तबकडी दिसली, तरी तिच्यावरची भाषा यंत्राला कळायला हवी. ‘डायरेक्टसीडी’ किंवा ‘इनसीडी’ असल्या सॉफ्टवेअरने तबकडी फ्लॉपीसारखी वापरता यायची. फाइल ओढून टाकायची, नको तेव्हा खोडायची. त्यासाठी ती यूडीएफ पद्धतीने फॉरमॅट करावी लागे आणि ६५० एमबीतले सुमारे ५३० एमबीच हाती उरत. दुसऱ्या संगणकात यूडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर नसेल तर घरी केलेला प्रकल्प कॉलेजच्या लॅबमध्ये उघडतच नसे. एमपी३ वाजवणाऱ्या प्लेअरांना तर साधारणपणे जुनी आयएसओ ९६६० ही एकच रचना समजे. गाणी त्या रचनेत लिहून सेशन बंद केलं की बरीच यंत्रं मुकाट्याने वाजवू लागत.

डीव्हीडीच्या काळात घोळ वाढला, आणि तो माणसांनी वाढवला. १९९८ मध्ये डीव्हीडी-रॅम आली. लाखभर वेळा लिहिता येणारी, पण सुरुवातीला खोक्यात बंद आणि साध्या प्लेअरला परकी. पायोनियरने १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी मायनस आरडब्ल्यूचा रेकॉर्डर आणला. फिलिप्स, सोनी, हेवलेट-पॅकार्ड यांनी वेगळी चूल मांडून २००१ मध्ये ४.७ जीबीची डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू काढली. दोघींचा मिश्रधातू त्याच घराण्यातला, आकार तोच. फरक मुख्यतः लेझरला ‘आपण कुठे आहोत’ हे सांगण्याच्या खुणांचा. मायनस तबकडीत खोबणींच्या मधल्या पट्टीवर छोट्या खाचा असतात, प्लसमध्ये खोबणीच्या नागमोडीतच पत्ता गुंफलेला असतो. एवढ्यासाठी जगभरच्या ग्राहकांनी काही वर्षं चुकीच्या तबकड्या घरी आणल्या. सोनीने २००२ मध्ये दोन्ही लिहिणारा ड्राइव्ह आणला तेव्हा कुठे ही कटकट निवळू लागली.

प्रकाशाचा जुना प्रश्न इथेही होताच. पुनर्लेखनाची डीव्हीडी १८ ते ३० टक्के प्रकाश परतवते. छापील दुहेरी थराच्या डीव्हीडीचं प्रमाणही तेवढंच. त्यामुळे काही प्लेअर या एकेरी तबकडीला दुहेरी समजून नसलेला दुसरा थर शोधत बसत आणि शेवटी हार मानत. काही यंत्रं तबकडीच्या सुरुवातीला नोंदवलेला प्रकार वाचूनच नकार देत. त्यावर प्लसवाल्यांनी तोडगा काढला: रायटरने ती नोंद बदलून ‘डीव्हीडी-रॉम’ अशी लिहायची. अडून बसलेले बरेच प्लेअर एवढ्यावर राजी होत.

आपल्याकडे या तबकड्यांवर मोझर बेअरचं नाव ओळखीचं होतं. उत्तर भारतातल्या कारखान्यांतून ही कंपनी जगाला कोऱ्या सीडी-डीव्हीडी पुरवत होती, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तिचा माल सहज मिळे. पेन ड्राइव्ह आणि इंटरनेटने मागणी खाल्ली. २०१८ मध्ये कंपनीच्या अवसायनाचा आदेश निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचं उत्पादन थांबवलं. आजच्या बहुतेक लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो.

म्हणून एक विनंती. कपाटात लग्नाचे, बाळाच्या पहिल्या पावलांचे, आजीच्या आवाजाचे ठेवे आरडब्ल्यू तबकड्यांवर असतील तर ते आताच उतरवून घ्या. यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर अजून मिळतो. एका ड्राइव्हने नाही वाचलं तर तबकडी टाकू नका, दुसऱ्या, जमल्यास ज्यावर लिहिली होती त्याच ड्राइव्हवर लावून पाहा. आणि विंडोजने ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणा.