भेगाळलेली जमीन आणि विहिरीचं पाणी

मे महिना सरत आला, की रांजणगावच्या आसपास शेताशेतांत शेणखताचे ढीग दिसायला लागतात. महागणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या नजरेत भरते ती एमआयडीसी. पण जरा आत वळलं, की गोठे, संकरित गाई आणि घरामागचे उकिरडे आजही आहेत. शेणखत म्हणजे शेताचं सोनं, हे खरंच. पण हे सोनं पिकाच्या मुळाशी न थांबता थेट विहिरीत उतरलं तर?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तो एका तीन महिन्यांच्या बाळावरून. आईला दूध कमी, म्हणून बाळाला गाईचं दूध विहिरीचं पाणी घालून पाजत होते. आजीचं म्हणणं, "अहो ताई, पाणी चांगलं खळखळून उकळते मी. मग कसली भीती?"

आजींचं निम्मं बरोबर होतं. उकळल्याने रोगजंतू मरतात. पण शेण-मूत्र आणि युरियातून तयार होणारं नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण वाढतं. तुरटी किंवा टीसीएल पावडरनेही ते हटत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं. त्याहून बरंच जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात आणि वेळीच उपचार न मिळाल्यास जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी 1945 मध्ये विहिरीच्या पाण्याचा आणि या आजाराचा संबंध दाखवून दिला होता.

आता तुम्ही म्हणाल, उकिरडा कुठे, शेत कुठे, विहीर कुठे! मधे एवढी माती आहे, ती गाळत नाही का? गाळते ना. पण माती कशी आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

आपली काळी चिकण माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. म्हणून उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतात खत पसरलेलं असताना वळवाचा जोरदार पाऊस झाला, की पाणी मातीत मुरायच्या आधीच खताचा अर्क घेऊन त्या भेगांतून सरळ खाली जातं. माती गाळणीचं काम करणार कधी? पुढे पाऊस लागून राहिला की माती फुगते आणि भेगा मिटतात. म्हणजे खरा धोका पहिल्या पावसांचा. माळावरच्या हलक्या, मुरमाड जमिनीत वेगळीच गत. तिथे भेगा नसल्या तरी पाणी थांबतच नाही. खाली बेसॉल्टचा कातळ फुटलेला असला, तर तेच पाणी त्या फटींतून विहिरीच्या झऱ्यांना मिळतं.

भुसभुशीत, रवाळ मातीत मात्र पाणी हळूहळू झिरपतं. जंतू मातीच्या कणांना चिकटतात आणि बरेचसे वरच्या थरातच मरतात. अमोनियाच्या रूपातलं नत्रही माती धरून ठेवते. नायट्रेट तेवढं तिच्या हाताला लागत नाही. ते पाण्याबरोबर वाहतं. म्हणून पिकाची मुळं ते उचलायला तयार असतील तेव्हाच आणि लागेल तेवढंच खत द्यावं. कोंबडीखतात तर शेणखताच्या कितीतरी पट नत्र असतं, तेव्हा तिथे हात आखडताच हवा.

हा काही फक्त आपल्याकडचाच प्रश्न नाही. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे 2000 मध्ये मुसळधार पावसानंतर जवळच्या शेतातल्या शेणखतातले जंतू उथळ विहिरीत उतरले. सात माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. त्या शेतकऱ्याने खत रीतीप्रमाणेच टाकलं होतं, असं चौकशीत दिसलं. पण विहीर उथळ, खालचा खडक फुटका आणि पाण्यात क्लोरीन पुरेसं नाही, असं सगळंच जुळून आलं.

मग करायचं काय? खत नीट कुजू द्यावं. खड्डा विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा, तळ लिंपलेला, वर मातीचा थर. आधी कुळवाची पाळी घालून भेगांची तोंडं मोडावीत, मग खत पसरून त्याच दिवशी मातीत मिसळावं. आभाळ भरून आलेलं असेल, तर दोन दिवस थांबावं. विहिरीला कठडा बांधावा आणि भोवती पाणी तुंबू देऊ नये.

बाळासाठी तर सगळ्यात सोपा उपाय आपल्याच हाती आहे. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. दूध कमी वाटलं तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावं. त्या आजींनाही मी हेच सांगितलं. त्या जरा घुश्शातच म्हणाल्या, "आमची पोरं नाही का वाढली?" पण दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या.

आणि पाणी तपासून घ्या, मैत्रिणींनो. 2019 मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या संचातून नायट्रेटचा अंदाज येतो. जंतूंसाठीच्या बाटलीतलं पाणी एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर ते पिण्याजोगं नाही. आपल्या गावात त्या पाचजणी कोण, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. नेमल्याच नसतील, तर आपलं नाव द्या. पहिल्या पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा, एवढं तरी पाणी तपासलंच पाहिजे.