सत्तावनचे कोल्हापूर

१८५७ च्या उठावात कोल्हापूर संस्थानाचा वाटा दोन रात्रींपुरता दिसतो. ३१ जुलैला छावणीतल्या शिपायांनी बंड केले आणि ६ डिसेंबरला खुद्द शहर उठले. दोन्ही वेळा इंग्रजांनी उठाव लवकर मोडून काढला. मेरठ, कानपूर, झाशीच्या मानाने ही हकीकत लहान आहे, म्हणून उठावाच्या इतिहासात तिला बहुधा एखादा परिच्छेद मिळतो. पण संस्थानात नेमके काय झाले आणि ते इतक्या लवकर का मिटले, हे समजण्यासाठी तेरा वर्षे मागे, १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडापर्यंत जावे लागते.

१८३८ मध्ये शहाजी छत्रपती ऊर्फ बुवासाहेब वारले आणि त्यांचा लहान मुलगा शिवाजी, म्हणजे बाबासाहेब महाराज, गादीवर आला. राजा अल्पवयीन, राजवाड्यातल्या बायकांमध्ये कारभारावरून ओढाताण, आणि शेजारी बेळगाव-धारवाडकडे कंपनी सरकार टपून बसलेले. या गोंधळात इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमले. माणूस कर्तबगार होता. हिशेब नीट लावायचा, वसुली वाढवायची आणि जुन्या सवलती तपासायच्या, हे काम त्यांनी हाती घेतले. त्यात त्यांचा हात गडकऱ्यांच्या जमिनींना लागला.

गडकरी म्हणजे किल्ल्याची वंशपरंपरागत शिबंदी. पन्हाळा, विशाळगड, सामानगड, भुदरगड, रांगणा या किल्ल्यांवर पिढ्यान्पिढ्या पहारा द्यायचा आणि मोबदल्यात गडाखालच्या जमिनी खायच्या, असा त्यांचा शिवकाळापासूनचा रिवाज. नव्या व्यवस्थेत या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आल्या. कागदावर बदल किरकोळ दिसत होता. गडकऱ्यांना मात्र त्यात आपली उपजीविका आणि आपला मान दोन्ही जाताना दिसले. सामानगड आणि भुदरगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, बाबाजी अहिरेकरांसारखे पुढारी उभे राहिले आणि बंडाची आग शेजारच्या सावंतवाडीतही पोचली. कंपनीचा एक वरिष्ठ अधिकारी, कर्नल ओव्हन्स, बंडवाल्यांच्या हाती सापडला व पन्हाळ्यावर कैदेत पडला. अखेर बेळगावहून आलेल्या फौजांनी ऑक्टोबरात सामानगड घेतला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पन्हाळा पडला.

त्यानंतर जे झाले ते लढाईपेक्षा महत्त्वाचे होते. किल्ल्यांची तटबंदी पाडण्यात आली, गडकऱ्यांची वंशपरंपरागत नोकरी मोडण्यात आली आणि बंड मोडायचा खर्च संस्थानाच्या माथी मारला गेला. पन्हाळ्यावर आज तीन दरवाजा शाबूत दिसतो. चार दरवाजाचे मात्र अवशेषच उरले आहेत, कारण तो इंग्रजांनी १८४४ मध्ये पाडला. शिवाय कोल्हापूरसाठी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळी स्थानिक पलटण उभी करण्यात आली. म्हणजे १८५७ उजाडण्याआधीच संस्थानात लढायला किल्ला नव्हता आणि किल्ला लढवणारी माणसेही उरली नव्हती.

असंतोष मात्र होता. शेजारचे सातारचे राज्य १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून खालसा झाले होते. कंपनीच्या मुलखात इनाम कमिशन १८५२ च्या कायद्याने जुन्या सनदा उकरून काढत होते आणि ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांची इनामे जात होती. कोल्हापूर संस्थान असल्याने कमिशनच्या थेट कचाट्यात नव्हते, पण सोयरीक-संबंध सगळ्या दक्षिण महाराष्ट्रात पसरलेले. प्रत्येक घराण्यात कोणाचे ना कोणाचे काही गेलेले होते.

ठिणगी मात्र छावणीत पडली. कोल्हापूरला २७ वी, धारवाडला २८ वी आणि बेळगावला २९ वी अशा मुंबई फौजेच्या तीन एतद्देशीय पलटणी होत्या आणि त्यांच्यात आपसात पत्रव्यवहार चालू होता. ३१ जुलैच्या रात्री २७ व्या पलटणीतल्या सुमारे दोनशे शिपायांनी रामजी शिरसाट याच्या पुढारीपणाखाली हत्यारे उचलली. त्यांनी खजिना लुटला व अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवर चाल केली. आधी इशारा मिळाल्याने बहुतेक गोरे निसटले; पळताना वाट चुकलेले तीन तरुण अधिकारी पुढे मारले गेले. मग शिपाई शहराकडे वळले. शहराच्या वेशी बंद होत्या.

त्या रात्री वेशी उघडल्या असत्या तर छत्रपतींच्या नावाने उठाव झाला असता, आणि छत्रपतींच्या नावाची किंमत इंग्रजांनाही ठाऊक होती. तसे झाले नाही. संस्थानची स्थानिक पलटणही इंग्रजांशी एकनिष्ठ राहिली. बाहेर अडकलेल्या शिपायांपैकी काही घाटाच्या दिशेने कोकणाकडे सरकले, तर काहींनी शहरालगतच्या पागेत ठाण मांडले. साताऱ्याहून लेफ्टनंट केर हा दक्षिण मराठा घोडदळाचे थोडे स्वार घेऊन ऐन पावसाळ्यात सुमारे ७५ मैलांची वाट एका दमात तोडत आला. त्याने स्वारांना घोड्यांवरून उतरवून पागेचा दरवाजा फोडला. आत असलेल्यांपैकी कोणी सुटले नाही. या कामाबद्दल केरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्याबरोबर दरवाजावर धडकलेले आणि त्यात मेलेले बहुतेक जण हिंदी स्वार होते, ही गोष्ट सन्मानाच्या वर्णनात पुसट होऊन जाते.

ऑगस्टच्या मध्यावर कर्नल ल ग्रँड जेकब कोल्हापुरात पोचला. त्याने १८ तारखेला २७ व्या पलटणीची हत्यारे काढून घेतली आणि लष्करी न्यायालये बसवली. शिक्षा झालेल्यांपैकी काहींना फाशी दिले, काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. जवळपास त्याच सुमारास, ८ सप्टेंबरला, साताऱ्याच्या गेंडामाळावर रंगो बापूजींच्या इंग्रजांविरुद्धच्या कटातल्या १७ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. दक्षिण महाराष्ट्रात धाक बसवण्याचा हा एकच आखीव कार्यक्रम होता.

तरीही डिसेंबरात कोल्हापूर पुन्हा उठले, आणि या वेळी शहरच उठले. ६ डिसेंबरला वेशी बंद झाल्या, पण आता त्या इंग्रजांवर बंद झाल्या होत्या. जेकबने फौज गोळा होण्याची वाट पाहिली नाही. जवळ असतील तेवढे लोक घेऊन त्याने एक वेस सुरुंगाने उडवली, आत शिरून शहर ताब्यात घेतले आणि जागच्या जागी चौकशी करून ३६ जणांना ठार केले. चौकशी आणि शिक्षा यांत फारसे अंतर नव्हते. न्याय म्हणण्यासारखे त्यात थोडेच होते.

या दुसऱ्या उठावामागे राजाचे धाकटे बंधू चिमासाहेब असल्याचा इंग्रजांचा पक्का संशय होता. थोरले बाबासाहेब सावध राहिले. बंडात उतरले नाहीत. एकाच वाड्यात दोन भावांच्या या दोन वाटा. इंग्रजांनी त्यांचा हिशेब वेगवेगळा चुकता केला. चिमासाहेबांना उघड खटला न चालवता कराचीला नेऊन नजरकैदेत ठेवण्यात आले. बाबासाहेबांना १८६२ मध्ये कारभाराचे अधिकार परत मिळाले आणि दत्तकाची सनदही मिळाली. ती सनद कामी आली. १८६६ मध्ये ते निपुत्रिक वारले तेव्हा कोल्हापूरची गत सातारसारखी झाली नाही.

सामान्य रयतेच्या वाट्याला आली ती हत्यारबंदी. घरोघरच्या तलवारी आणि बंदुका गोळा करण्याचे काम सगळ्या दक्षिण मराठा मुलखात चालले. हलगलीच्या बेडरांनी हत्यारे द्यायला नकार दिला, मे १८५८ मध्ये नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले, पण ही बंडे एकेकटी झाली आणि एकेकटी मोडली. कोल्हापूर त्यांच्या मदतीला जाण्याच्या स्थितीत नव्हते.

उठावाची बरीचशी हकीकत जेकबच्याच १८७१ च्या आठवणींतून पुढे आली, त्यामुळे त्यात जेकबची तडफ ठळक आहे आणि शिपायांची बाजू फिकी. वाचकाने ती हकीकत तेवढी लक्षात ठेवून वाचावी. चिमासाहेब कोल्हापूरला परतले नाहीत. १८६९ मध्ये ते कराचीतच वारले. शहरातला चिमासाहेब चौक त्यांच्या नावाचा आहे.