हॅपी फॅमिलीज : तेरा कुटुंबांचा कॅट

हॅपी फॅमिलीज हा मुलांसाठी खास छापलेला इंग्लंडमधला पत्त्यांचा खेळ. लंडनच्या जॅक्स कंपनीने तो १८५१च्या जागतिक प्रदर्शनाच्या सुमारास बाजारात आणला. पाने नेहमीसारखी बावन्नच. पण चार रंगांची तेरा-तेरा नव्हेत, तर तेरा कुटुंबांची चार-चार. प्रत्येक कुटुंबात वडील, आई, मुलगा, मुलगी.

कुटुंबाची ओळख धंद्यावरून. बेकरीवाले बन, खाटीक बोन्स, शिंपी टेप, डॉक्टर डोस, धुराडी साफ करणारे सूट. चित्रांत डोकी भलीमोठी, धड इवलेसे, चेहरे काहीसे भीतीदायकच. ॲलिसच्या गोष्टींची चित्रे काढणारे जॉन टेनिएल यांच्या हातची ती असावीत, असे मानले जाते. नंतरच्या गोंडस आवृत्त्यांपेक्षा ती सरस आहेत: असा चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही, आणि हा खेळ सगळा लक्षात ठेवण्याचाच.

पाने वाटून झाली की ज्याची पाळी त्याने कुणा एकाकडे ठरावीक पान मागायचे. मात्र त्या कुटुंबातले निदान एक पान स्वतःच्या हातात हवे. समोरच्याकडे मागितलेले पान असेल तर ते द्यावेच लागते आणि मागणारा पुढे मागत राहतो. नसेल तर ‘नॉट ॲट होम’ म्हणायचे. मग पाळी नकार देणाऱ्याकडे जाते. चौघे जमले की कुटुंब खाली मांडायचे. ज्याची कुटुंबे जास्त, तो जिंकला.

खेळाची सारी खुबी ‘निदान एक पान’ या अटीत आहे. मिसेस बन मागणारा आपल्याकडे बन कुटुंबातले कुणीतरी आहे, हे सगळ्यांना सांगून बसतो. नकारातूनही माहिती मिळतेच. पानांत लहानमोठेपणा नाही, हुकूम नाही, बेरीज नाही. त्यामुळे अक्षरओळख नसलेले मूलही चित्रांवरून खेळते, आणि नीट कान देणारे मूल मोठ्यांना हरवते.

कुटुंबे जमवण्याची ही कल्पना मात्र हॅपी फॅमिलीजच्या आधीची. अमेरिकेतल्या सेलममधून १८४३ साली ॲन ॲबट यांचा ‘डॉक्टर बझ्बी’ निघाला होता. त्यातही कुटुंबेच गोळा करायची. इस्पिक-बदाम म्हणजे जुगार, असे मानणाऱ्या धार्मिक घरांतही असे पत्ते चालत.

जुन्या कॅटचे एक उणे मात्र ठळक आहे: धंदा नवऱ्याचा, बायको फक्त त्याची मिसेस. ॲलन आल्बर्ग यांनी १९८०पासून याच नावाने लिहिलेल्या बालपुस्तकांत प्लंबर आहेत त्या मिसेस प्लग. फ्रान्समधल्या कॅटात सात कुटुंबे, प्रत्येकात सहा माणसे. आजी-आजोबा तिथे घरातच राहतात. मराठी घरांत साध्या पत्त्यांवर रंगणारा ‘नॉट ॲट होम’ही याच मागण्या-नाकारण्यावर चालतो.