तेलविहिरी थांबल्या, तरी ओगोनी निर्वासितांची परतीची वाट बिकट का?

नायजेरियातल्या ओगोनीलँडमध्ये तेलगळतीने शेती नासली, लोक रस्त्यावर उतरले. १९९३ मध्ये शेल कंपनीने तिथला उपसा थांबवला; लष्कराची दडपशाही मात्र वाढली. १० नोव्हेंबर १९९५ रोजी लेखक केन सारो-विवा यांच्यासह नऊ जणांना फाशी झाली. शेकडो ओगोनी शेजारच्या बेनिनमध्ये पळाले. तिथून काहींचं अमेरिकेत पुनर्वसन झालं.

फाशी गेलेल्या बारिनेम किओबेल यांच्या पत्नी एस्थर याही बेनिनमार्गेच अमेरिकेत पोहोचल्या. त्यांनी तिथे शेलवर खटला भरला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, घटना परदेशातली, खटला इथे चालणार नाही. म्हणजे आसरा मिळाला, दाद नाही.

आणि मायदेशी परतायचं, तर कुठे? २०११ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार, ओगोनीलँडच्या शुद्धीकरणालाच २५ ते ३० वर्षं लागू शकतात. एका गावातल्या विहिरींच्या पाण्यात तर घातक बेंझिन आढळलं होतं.